वाचक विचारतात : मराठीत प्रोग्रॅमिंगचं पुस्तक लिहिताना

ठाणे आणि नवी मुंबईतून या वेळी एकाच विषयावरची पत्रं बरीच आहेत. कुणी पायथनचं, कुणी सी भाषेचं पुस्तक मराठीत लिहायला घेतलंय आणि मध्येच कुठेतरी अडलंय. त्यांतले नऊ प्रश्न थोडक्यात देऊन उत्तरं देत आहोत. या सदरात कोडमधले शब्द आणि आकडे देवनागरीत छापले आहेत. मशीनवर ते इंग्रजीतच टाइप करायचे. पुस्तकात मात्र कोड असा देवनागरीत कधीही छापू नका.

प्रश्न : मराठी माध्यमाच्या आठवी ते दहावीच्या मुलांना पायथन शिकवतो. नोट्सची १८० पानं झाली आहेत. त्या आहेत तशा छापल्या तर पुस्तक होईल का?
– निवृत्त अभियंता, ऐरोली

छापून होतील, पण त्यावरून कुणी एकट्याने बसून शिकणार नाही. वर्गात तुम्ही समोर असता. ‘हे आत्ता असंच लिहा, मागून सांगतो’ हे वाक्य तिथे खपतं. पुस्तकात वाचक नेमका त्याच ओळीवर अडतो आणि विचारायला कुणी नसतं.

एक फुलस्केप वही घ्या आणि नोट्समधल्या प्रत्येक प्रोग्रॅमला एक ओळ द्या. रकाने तीन : प्रोग्रॅमचा क्रमांक, यात नवीन काय आलं, आधीचं काय काय लागतं. वही भरली की वरून खाली वाचत या. तिसऱ्या रकान्यातली एखादी गोष्ट वरच्या कुठल्याच ओळीच्या दुसऱ्या रकान्यात सापडली नाही, की तिथे लाल खूण. दुसऱ्या रकान्यात दोन गोष्टी आल्या असतील तर तो प्रोग्रॅम तोडायचा. हे काम कंटाळवाणं आहे, पण पुस्तकाचा खरा आराखडा याच वहीतून निघतो. अनुक्रमणिका त्यानंतर करायची.

नेहमी लाल होणारी जागा दाखवतो. बहुतेक नोट्समध्ये दुसऱ्याच दिवशी ही ओळ येते : वय = इंट(इनपुट("वय? ")). एका ओळीत चार नव्या गोष्टी आहेत : विचारणं, आलेलं उत्तर साठवणं, मजकूर आणि आकडा यांतला फरक, आणि एका फंक्शनच्या पोटात दुसरं फंक्शन. हिचे तीन प्रोग्रॅम करा. पहिल्यात नुसतं वय = इनपुट("वय? ") आणि प्रिंट(वय). दुसऱ्यात प्रिंट(वय + वय). मुलगा १४ टाइप करतो आणि पडद्यावर २८ ऐवजी १४१४ उमटतं. ते त्याला डोळ्यांनी पाहू द्या, आधी सावध करू नका. मग एका परिच्छेदात सांगा की इनपुट नेहमी मजकूरच देतं आणि मजकुरात अधिक चिन्ह म्हणजे जोडणं. तिसऱ्या प्रोग्रॅममध्ये मजकुराचा आकडा करणारं इंट आलं, की ते कशासाठी हे सांगावं लागत नाही.

दुसरी जागा म्हणजे लिस्ट. फळांची यादी सगळेच देतात, पण फळांना क्रम नसतो, त्यामुळे पहिला घटक शून्याव्या जागी का हा प्रश्न हवेतच राहतो. तुमच्या मुलांच्या रोजच्या वाटेवर यादी तयार आहे : ठाणे, दिघा गाव, ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे, सानपाडा, वाशी. नऊ स्थानकं, क्रमांक ० ते ८. स्थानके[९] मागितलं की इंडेक्स एरर, स्थानके[-१] म्हणजे वाशी. आता स्थानके[०:३] घ्या. हाताला ठाणे, दिघा गाव, ऐरोली लागतात, रबाळे येत नाही. ‘शेवटचा धरत नाहीत’ असा नियम पाठ करून घेण्यापेक्षा चित्र काढा : स्थानकांच्या मधल्या फटींत उभ्या रेघा, ठाण्याच्या अलीकडची रेघ शून्य, ठाणे आणि दिघा गाव यांच्या मधली एक. ० ते ३ म्हणजे शून्याच्या रेघेपासून तिसऱ्या रेघेपर्यंतचं सगळं. घटक किती, तर तीन उणे शून्य. हेच उदाहरण पुढेही चालतं. तुर्भ्याला फाटा फुटतो, एक गाडी सानपाडा-वाशीला आणि दुसरी जुईनगर-नेरुळकडे. त्यामुळे इफ-एल्स, यादीत यादी आणि डिक्शनरी या तिन्ही प्रकरणांना तोच कच्चा माल पुरतो.

शाळकरी मुलांसाठी प्रोग्रॅम १२ ते १५ ओळींच्या आत ठेवा. क्लास आणि ऑब्जेक्ट हे प्रकरण गाळलंत तरी काही बिघडत नाही. फाइल आणि एरर-हाताळणी मात्र गाळू नका.

प्रश्न : व्हेरिएबल म्हणायचं की चल? लूपला काय म्हणायचं? आणि कोडमधली नावं मराठीत ठेवली तर मुलांना सोपं जाईल ना?
– माध्यमिक शिक्षिका, नौपाडा, ठाणे

गणिताच्या पुस्तकातून मुलांच्या तोंडी बसलेले शब्द जरूर वापरा : चल, संच, स्थिरांक, शेष. जिथे मराठी शब्द पुन्हा समजावून सांगावा लागतो तिथे व्हेरिएबल, लूप, फंक्शन हेच बरे, कारण एरर मेसेजमध्ये आणि पुढच्या वर्गात तेच भेटणार आहेत. कुठलाही घ्या, पण पुस्तकभर एकच. पहिल्या प्रकरणात चल, पाचव्यात व्हेरिएबल, नवव्यात ‘बदलती राशी’ असं झालं की वाचकाला तीन वेगळ्या वस्तू वाटतात. शब्दांची यादी भिंतीवर लावून लिहा.

एक गोष्ट लेखक हमखास विसरतात, ती म्हणजे उच्चार. डीईएफ हे डेफ वाचायचं, ईएलआयएफ हे एल-इफ, एसटीआर हे स्ट्रिंगचं, म्हणजे मजकुराचं, लघुरूप. मराठी माध्यमाच्या मुलाला शब्द मनात वाचता आला नाही तर तो लक्षातही राहत नाही. शब्द पहिल्यांदा येईल तिथेच उच्चार द्या, मागच्या कोष्टकात नको.

नावांबद्दल. पायथन ३ मध्ये व्हेरिएबलचं नाव देवनागरीत ठेवता येतं, काना-मात्रा-अनुस्वारासकट. ‘किंमत’ चालतं. तरी पुस्तकभर तसं करू नका असंच आमचं मत आहे. प्रत्येक ओळीत कीबोर्ड दोनदा बदलावा लागतो, हे एक. दुसरं जास्त चिवट आहे. ‘फेऱ्या’ हे नाव घ्या. यातला अर्धा र दोन तऱ्हांनी टाइप होतो : एकात ऱ हे स्वतंत्र अक्षर असतं, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि मध्ये एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात. पहिलं चालतं. दुसऱ्याला पायथन ‘न छापता येणारं अक्षर’ अशी तक्रार करून थांबतो. दहावीतल्या मुलाने यातून काय शिकायचं?

रोमन लिपीतली मराठी नावं हा मधला मार्ग चांगला आहे, पण स्पेलिंग ठरवून घ्या. किंमत एका प्रोग्रॅममध्ये एका एमने आणि दुसऱ्यात दोन एमने लिहिलीत की नेम एरर (‘हे नाव माहीत नाही’ ही तक्रार) ठरलेला. लहान, दीर्घ-ऱ्हस्वाची भानगड नसलेली नावं घ्या : दर, वजन, नग, गुण.

देवनागरी आकड्यांची गंमत वेगळीच. कोडमध्ये नग = १२ असं देवनागरी आकड्यांत लिहिलं तर सिंटॅक्स एरर (लिहिण्याचा नियम मोडल्याची तक्रार) येते. पण इनपुटला मुलाने देवनागरीत १२ टाइप केलं आणि ते इंटमधून काढलं, तर पायथन निमूटपणे बारा समजतो. हे चौकटीत द्या, मुलं करून बघतात.

प्रश्न : उलटसुलट सारखाच वाचला जाणारा शब्द ओळखण्याचा प्रोग्रॅम इंग्रजी शब्दांवर चालतो, मराठीवर चुकतो. पुस्तकातून काढून टाकू का?
– क्लासचालक, कोपरखैरणे

काढू नका. मराठी पुस्तकात असण्यासारखं याहून चांगलं उदाहरण नाही, फक्त जागा बदला.

पायथन मजकूर मोजतो तो आपल्या अक्षरांनी नव्हे, युनिकोडच्या (सगळ्या लिप्यांसाठीच्या समान संगणकीय संकेतयादीच्या) चिन्हांनी. काना, वेलांटी, मात्रा, अनुस्वार, हलन्त ही सगळी स्वतंत्र चिन्हं. म्हणून ‘ठाणे’ची लांबी २ नसून ४ येते : ठ, काना, ण, मात्रा. ‘मुंबई’ची ५. आता ‘नवजीवन’ घ्या. आपल्या डोळ्यांना न-व-जी-व-न, दोन्हीकडून सारखं. पायथनला दिसतं न, व, ज, वेलांटी, व, न. उलटं केलं की वेलांटी ज-च्या आधी येते, म्हणजे अलीकडच्या व-ला जाऊन चिकटते, आणि पडद्यावर येतं ‘नवीजवन’. तुमचा प्रोग्रॅम बरोबरच आहे, त्याला दिलेली अक्षराची व्याख्या आपली नाही.

सुरुवातीच्या प्रकरणात ‘कनक’, ‘सरस’ असे बिनमात्रेचे शब्द द्या. स्ट्रिंगच्या प्रकरणात ‘नवजीवन’ आणा आणि बिघाड दाखवा. त्यानंतरचा स्वाध्याय : काना, मात्रा, वेलांटी ही चिन्हं आधीच्या व्यंजनाला जोडून घेऊन शब्दाची अक्षरनिहाय यादी करणारं फंक्शन लिहा, आणि ती यादी उलटी करा. ‘रामाला भाला मारा’ यावर, मोकळ्या जागा काढून, ते तपासता येतं. जोडाक्षरं या पायरीवर नकोत. तयार लायब्ररीतसुद्धा जोडाक्षर एक धरायचं की तोडायचं हे युनिकोडच्या कुठल्या आवृत्तीचे नियम वापरले आहेत त्यावर ठरतं.

प्रश्न : लेखक वर्डची फाइल देतात, आम्ही लावतो. मग त्यांचा फोन येतो, ‘छापलेलं कोड चालत नाही.’ नेमकं कुठे बिघडतं?
– डीटीपी व्यावसायिक, वागळे इस्टेट

अर्धं लेखकाकडेच बिघडून आलेलं असतं. वर्ड सरळ अवतरणचिन्हांची वळणदार करतो, ओळीचं पहिलं अक्षर कॅपिटल करतो, दोन उणे चिन्हांचा एक लांब डॅश करतो. कागदावर सुबक दिसतं, पण प्रिंटचा पी कॅपिटल झाला की नेम एरर आणि वळणदार अवतरणचिन्ह आलं की सिंटॅक्स एरर. लेखकाने लिहायला बसण्याआधी ऑटोकरेक्टच्या पर्यायांत जाऊन हे तिन्ही बंद करावेत. ‘टाइप करताना आपोआप फॉरमॅट’ हा टॅब वेगळा असतो, तोही पाहावा.

त्याहून बरं म्हणजे कोड वर्डमध्ये आणूच नये. प्रत्येक प्रोग्रॅमची वेगळी फाइल, नावात प्रकरण आणि क्रमांक : ०३-०२ म्हणजे तिसऱ्या प्रकरणातला दुसरा. हस्तलिखितात त्या जागी फक्त ‘प्रोग्रॅम ०३-०२ इथे’. आउटपुटही प्रोग्रॅम चालवून फाइलमध्ये साठवावा, हाताने टाइप करू नये. हाताने टाइप करताना लेखक नकळत दुरुस्ती करतो. पायथनला स्वल्पविराम घालून आकडा छापायला सांगितलं तर तो १,२३४,५६७ असा हजार-मिलियनच्या हिशेबाने छापतो. लेखकाच्या बोटांतून मात्र सवयीने १२,३४,५६७ उतरतं. ०.१ + ०.२ चं उत्तर पुस्तकात ०.३ छापलेलं असतं आणि वाचकाच्या मशीनवर ०.३०००००००००००००००४ येतं. मग तो आपलंच काही चुकलं म्हणून तासभर शोधत बसतो.

लाटेक ही पानं लावण्याची प्रणाली वापरणाऱ्यांना कोडची फाइल थेट पानात ओढता येते, म्हणजे प्रोग्रॅम दुरुस्त केला की पुस्तकही दुरुस्त. मराठीसाठी त्यात झीलाटेक किंवा लुआलाटेक लागतं.

आता तुमच्या टेबलावरचं. मजकूर जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये बदलून घेत असाल तर कोड त्या बदलातून बाहेर ठेवा. त्या फॉन्टमध्ये कंस, कोलन, अवतरण यांच्या जागांवर जोडाक्षरांचे तुकडे बसवलेले असतात. सगळी फाइल एका फटक्यात बदलली की कोडमध्ये अर्धा क्ष, अर्धा त्र उगवतो. युनिकोडमध्येच लावणं सर्वांत चांगलं. इनडिझाइनमध्ये परिच्छेदाला वर्ल्ड-रेडी कंपोजर निवडा, नाहीतर पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसते. भाषा मराठी निवडा. फॉन्टमध्ये सोय असेल तर ल आणि श मराठी वळणाचे येतात, नाहीतर हिंदी वळणाचे.

कोडला समान रुंदीचा फॉन्ट हवा आणि त्यात शून्य व ओ, एक व एल वेगळे ओळखू आले पाहिजेत. सोर्स कोड प्रो, डेजाव्हू सान्स मोनो हे मोफत आहेत. कुरियर ऑफसेटला फार बारीक उमटतो. देवनागरी अक्षरं या रुंदीत बसत नाहीत, म्हणून आउटपुटमध्ये मराठी नावांचा तक्ता असेल तर तो वाचकाच्या पडद्यावर सरळ रेषेत येणारच नाही. असे तक्ते लेखकाला टाळायला सांगा.

रुंदीचा हिशेब लेखकाला आधीच द्या. डेमी १/८ म्हणजे ५.५ × ८.५ इंच. बांधणीकडे पाऊण आणि बाहेर अर्धा इंच सोडला की ४.२५ इंच, म्हणजे ३०६ पॉइंट उरतात. ९ पॉइंटच्या समान रुंदीच्या फॉन्टमध्ये एक अक्षर ५.४ पॉइंट घेतं. ओळीत ५६ अक्षरं. राखाडी चौकट केली तर ५४ धरा. क्राउन १/४ म्हणजे ७.२५ × ९.५ इंच, तेच समास ठेवून ८० अक्षरं. पायथनच्या शैलीनियमांत ओळीची मर्यादा ७९ आहे, ती इथे बरोबर बसते. डेमीत छापायचं असेल तर लेखकाने पहिल्या दिवसापासून एडिटरमध्ये ५४ वर रेघ ओढून लिहावं. नंतर तुम्ही ओळ मोडली की पायथनमध्ये कोडही मोडतं, कारण तिथे ओळीची सुरुवात किती आत आहे यालाच अर्थ असतो. त्याच कारणाने प्रोग्रॅम दोन पानांत तुटू देऊ नका. नव्या पानावर डावीकडची जागा किती सोडली होती हे डोळ्यांना कळत नाही. सगळीकडे चार स्पेस, टॅब कुठेही नाही.

ऑफसेटला डेमीचा फॉर्म (एका मोठ्या कागदावर एकत्र छापली जाणारी पानं) १६ पानांचा, क्राउन १/४ चा ८ पानांचा. २४० पानं म्हणजे डेमीचे १५ फॉर्म. २४२ झाली तर दोन पानांसाठी सोळावा फॉर्म. अशा वेळी स्वाध्याय कमी करा, अक्षर बारीक करू नका.

शेवटच्या प्रुफाचं कोड वाचून तपासता येत नाही. पीडीएफमधून कॉपी केलं तर डावीकडची जागा गळते, म्हणून तोही उपाय नाही. छापील प्रूफ समोर ठेवून कुणीतरी ते टाइप करायचं आणि चालवायचं. हे काम लेखकाकडून करून घेऊ नका. त्याची बोटं मनातलं टाइप करतात, कागदावरचं नाही.

प्रश्न : हस्तलिखित किती जणांकडून तपासून घ्यावं? आमच्या ऑफिसातल्या दोन सीनियर डेव्हलपरनी ‘उत्तम’ म्हटलं आहे.
– आयटी कर्मचारी, घणसोली

त्यांचा उपयोग तांत्रिक चुकांपुरता. खरी परीक्षा ज्यांना भाषा येत नाही अशा तिघांकडून घ्या, आणि मशीन शक्यतो तीन तऱ्हेचं असू द्या : जुना विंडोज लॅपटॉप, नवीन लॅपटॉप, आणि फक्त फोन. बऱ्याच मुलांकडे फोनच असतो. त्याचा कीबोर्डही अवतरणचिन्हं वळवतो आणि पहिलं अक्षर कॅपिटल करतो.

शेजारी बसा आणि बोलू नका. वाचक कुठल्या ओळीवर मागे गेला, कुठे दोनदा वाचलं, कुठे टाइप करता करता थांबला एवढंच समासात लिहा. ‘कळलं का?’ विचारलंत तर ‘हो’च म्हणतील.

अशा तपासणीत हमखास सापडणारी चूक फाइलच्या प्रकरणात असते. लेखकाच्या मॅकवर किंवा लिनक्सवर मराठी नावं फाइलमध्ये बिनतक्रार लिहिली जातात. तोच प्रोग्रॅम विंडोजवर ‘चारमॅप’ नावाची एन्कोडिंगची (अक्षरं बाइटमध्ये साठवण्याच्या पद्धतीची) एरर देऊन पडतो. आजवर ओपनला एन्कोडिंग सांगितलं नाही तर पायथन विंडोजचं जुनं, युरोपीय अक्षरांचं कोष्टक धरत आला आहे, आणि त्यात देवनागरी नाही. उपाय एका शब्दाचा : ओपनमध्ये एन्कोडिंग="यूटीएफ-८", आणि तेही पहिल्याच उदाहरणापासून, वाचताना आणि लिहिताना दोन्हीकडे. सीएसव्ही फाइल एक्सेलमध्ये उघडायची असेल तर लिहिताना यूटीएफ-८-एसआयजी द्या, नाहीतर ‘ठाणे’च्या जागी टोप्या घातलेली लॅटिन अक्षरं दिसतात. चार चिन्हांचं ठाणे फाइलमध्ये १२ बाइट घेतं, प्रत्येक चिन्हाला तीन. एक्सेल एकेका बाइटला अक्षर समजतो.

इन्स्टॉलेशनचे स्क्रीनशॉट पुस्तकात भरू नका, तेच सर्वांत आधी शिळे होतात. क्यूआर कोड देऊन ते पान ऑनलाइन ठेवा. पुस्तकात एकच इशारा हवा : विंडोजच्या नेहमीच्या इन्स्टॉलरमध्ये खाली पाथमध्ये जोडण्याची चौकट असते, ती आपोआप टिक केलेली नसते. ती राहिली की कमांडच्या खिडकीत पायथन लिहिल्यावर मायक्रोसॉफ्टचं स्टोअर उघडतं आणि नवखा वाचक तिथेच पुस्तक मिटतो.

प्रश्न : पायथनची दर वर्षी नवीन आवृत्ती येते. पुस्तक छापून येईपर्यंत जुनं होणार का?
– अभियांत्रिकीचा विद्यार्थी, खारघर

नवी आवृत्ती दर ऑक्टोबरला येते आणि प्रत्येकीला साधारण पाच वर्षं दुरुस्त्या मिळतात. नवशिक्यांच्या पुस्तकाला लागणारा भाग क्वचितच बदलतो. २००८ मध्ये आलेल्या पायथन ३ ने प्रिंटचे कंस सक्तीचे केले, तसा जुनं कोड मोडणारा मोठा बदल पुन्हा झालेला नाही. पायथन २ ची देखभाल १ जानेवारी २०२० ला संपली, त्यामुळे दोन्हींतले फरक सांगणारं प्रकरण आता नको.

एरर मेसेज मात्र बदलतात. इफच्या ओळीत कोलन विसरला तर ३.९ पर्यंत नुसतं ‘इनव्हॅलिड सिंटॅक्स’ यायचं, ३.१० पासून कोलन अपेक्षित होता असं स्पष्ट येतं. पुस्तकात एरर छापायची असेल तर कुठल्या आवृत्तीत चालवली ते आतल्या पानावर लिहा, आणि मॅच-केस वापरलंत तर किमान ३.१० लागेल हेही.

प्रश्न : आमच्या प्रयोगशाळेत अजून टर्बो सी आहे. सी भाषेचं पुस्तक त्यालाच धरून लिहू का?
– प्राध्यापक, कळवा

नको. टर्बो सी हे सीचं कोड मशीनच्या भाषेत आणणारं सॉफ्टवेअर, म्हणजे कंपायलर, १९८७ चं, आणि सी भाषेचं पहिलं एएनएसआय (अमेरिकी मानक संस्थेचं) प्रमाण १९८९ चं. व्हॉइड मेन, कोनिओ, क्लियर-स्क्रीन या गोष्टी भाषेच्या नाहीत, त्या कंपायलरच्या. वाचक घरी जीसीसी या आजच्या मोफत कंपायलरवर ते चालवायला जाईल आणि पहिल्याच ओळीला अडेल.

खरा घोळ इंटच्या, म्हणजे सीमधल्या पूर्णांकाच्या, आकाराचा आहे. टर्बो सीमध्ये इंट १६ बिटचा, कमाल ३२,७६७. फॅक्टोरियलचा (१ पासून त्या संख्येपर्यंतच्या गुणाकाराचा) नेहमीचा प्रयोग सातपर्यंत बरोबर, ५०४०. आठला ४०,३२० ऐवजी -२५,२१६ छापून येतं. जीसीसीवर इंट ३२ बिटचा, तिथे बारापर्यंत ठीक, आणि तेराला १,९३,२०,५३,५०४ असा चुकीचा पण धन आकडा येतो. तो जास्त घातक, कारण बघून संशय येत नाही. हे दोन्ही आकडे शेजारी छापा. डेटा टाइपचं प्रकरण तिथून सुरू केलंत तर तक्ता पाठ करायची गरज उरणार नाही. पुस्तक जीसीसीला धरून लिहा आणि प्रयोगशाळेसाठी शेवटी दोन पानांचं परिशिष्ट जोडा.

प्रश्न : दुसऱ्या पुस्तकांतली उदाहरणं घेतली तर चालतील का? आणि स्वाध्यायांची उत्तरं कशी द्यायची?
– गृहिणी आणि शिकवणी घेणाऱ्या, नेरुळ

मूळ संख्या शोधणं, फॅक्टोरियल, गुणपत्रक या कल्पना कुणाच्या मालकीच्या नाहीत. पण १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणक प्रोग्रॅम हे साहित्यकृतीत मोडतात. दुसऱ्याचं कोड, त्याचं स्पष्टीकरण, स्वाध्यायांचा क्रम उचलायचा नाही, आणि व्हेरिएबलची नावं बदलल्याने ते कोड आपलं होत नाही. पायथनच्या अधिकृत दस्तऐवजातली उदाहरणं मात्र मोकळ्या परवान्याखाली आहेत, ती वापरता येतात. उत्तरांबद्दलही विचारलं आहेत : पुस्तकाच्या शेवटी पूर्ण कोड देण्यापेक्षा प्रत्येक स्वाध्यायाला तीन इनपुट आणि त्यांचे आउटपुट द्या. त्यातलं एक अडचणीचं असू द्या : शून्य, रिकामी ओळ किंवा ऋण संख्या.

प्रश्न : स्वतःच प्रकाशित करणार आहे. आयएसबीएन (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख-क्रमांक) कितीला मिळतो?
– वाचक, सीबीडी बेलापूर

फुकट. केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाखालील राजा राममोहन रॉय नॅशनल एजन्सीच्या पोर्टलवर अर्ज करायचा. लेखकही करू शकतो. छापील पुस्तक आणि ई-बुक यांना वेगवेगळे क्रमांक लागतात. पैसे मागणारे मध्यस्थ भेटतील, त्यांची गरज नाही.

प्रकाशक तुम्हीच असल्याने १९५४ चा ग्रंथ-प्रदान कायदाही तुम्हाला लागू होतो : प्रकाशनापासून ३० दिवसांत स्वखर्चाने एकेक प्रत कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय, चेन्नईचं कोन्नेमारा, दिल्ली पब्लिक लायब्ररी आणि मुंबईत टाउन हॉलमधलं मध्यवर्ती ग्रंथालय यांना पाठवायची.

क्रमांक हातात आला की तो लूपच्या प्रकरणात वापरा. तेरा अंकांना डावीकडून आळीपाळीने १ आणि ३ ने गुणून बेरीज केली की तिला १० ने निःशेष भाग गेला पाहिजे. पुस्तकाच्या मलपृष्ठावरचाच आकडा मुलाला तपासायला द्या. एक अंक मुद्दाम चुकवून टाइप केला तर बाकी उरलीच पाहिजे. शेजारचे दोन अंक अदलाबदल करून टाकले तर बहुतेक वेळा उरते. मात्र त्या दोन अंकांत पाचाचा फरक असला तर चूक निसटते. ती का निसटते, हा तारांकित प्रश्न.